प्लॉटिंगवाल्याची तक्रार

माझा धाकटा भाऊ आमदार आहे. हे मी सहसा आपणहून कुणाला सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच बदलतो. एक तर त्याला कुणाची तरी बदली करून हवी असते, नाही तर माझ्या घरात किती तोळे असतील याचा तो मनातल्या मनात अंदाज बांधू लागतो. आमच्याकडे सोनं बेताचं आणि चिखल भरपूर, हे त्याला सांगितलं तरी पटत नाही.

राजकारणाआधी भाऊ प्लॉटिंगवाला होता. वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात बसून त्यानं जमिनीच्या सौद्यांत मध्यस्थी सुरू केली. जीभ गोड, आणि मयत असो की बारसं, हा हजर. सौदा फिसकटला तरी माणूस तुटू द्यायचा नाही. पुढे हिंगोलीच्या कडेला त्यानं सोयाबीनचं एक मोठं वावर घेतलं आणि चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी त्यात रस्ते आखले. त्या रेघांमधून मला फिरवत म्हणाला, "ताई, हितून डांबरी रोड, हितून नाली. तू निस्तं घर बांध." मी तेव्हा जवळा बाजारच्या शाळेत शिकवत होते. आम्ही प्लॉट घेतला, आणि माझ्या भरवशावर शाळेतल्या आणखी काही जणांनीही घेतले. घरं उभी राहिली. रस्ता मात्र फक्कीचाच राहिला, आणि फक्की पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली.

मग तो निवडणुकीला उभा राहिला आणि आलाही निवडून. भाऊ म्हणून सांगत नाही, पण त्याला कामाची खरी हौस आहे. सकाळी त्याच्या ओसरीवर माणसं चहा पीत बसलेली असतात आणि तो एकेकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या आणखी मशिनी याव्यात म्हणून त्यानं मुंबईला किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे. मशिनी आल्या तेव्हा माझा ऊर भरून आला होता. त्यातल्याच एका मशीनवर माझा नवरा झोपेल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दवाखाना आला. उन्हाळ्यात काही वाटलं नाही. पावसाळा लागला आणि काळ्या मातीनं आपला गुण दाखवला. ऑटोवाला डांबरी सडकेवरच थांबायचा. आत आला की चाक रुतलंच. शेजारी मंडळी नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सडकेपर्यंत उचलून न्यायची. "आमदाराचा दाजी पालखीत निघाला," असं म्हणून तो सगळ्यांना हसवायचा. पण दवाखान्यातून परतताना त्याच्यात हसण्याएवढंही त्राण नसायचं. खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसायचा. मला मागून चालताना ते बघवत नसे.

मी भावाला सांगितलं. फोनवर सांगितलं, त्याच्या घरी जाऊन सांगितलं, आमच्या घरी तो जेवत असताना सांगितलं.

"ताई, आमदार निधी तिथं टाकला तर लोक काय म्हणतील? सोताचे प्लॉट इकायला सरकारी पैसा वापरून राहिला, असंच ना?"

"मग नगरपरिषदेला करू दे."

"लेआउट त्यायच्या ताब्यात दिल्याबिगर त्यायला करता येत न्हाई."

"मग दे की. काहून देत न्हाईस?"

यावर त्यानं आणखी एक पोळी वाढून घेतली. ताब्यात देण्याआधी प्लॉटिंगवाल्यानं आतले रस्ते स्वतःच्या खर्चानं करून द्यायचे असतात, हे मलाही तोवर समजलं होतं. त्याचा पैसा दुसऱ्या लेआउटमध्ये अडकला होता आणि निवडणूक पुन्हा तोंडावर आली होती. हात धुता धुता म्हणाला, "दवाखान्याच्या दिवशी माझी मोठी गाडी पाठवतो. ती चिखलातून निघते."

मी नको म्हणाले. आमच्या ओळीत एक बाळंतीण होती, एक लकवा झालेले गुरुजी होते. ही सगळी माझ्या शब्दावर आलेली माणसं. त्यांच्या दारावरून आमदाराची गाडी फक्त माझ्यासाठी येणार, हे मला जमणार नव्हतं. नवरा त्या रात्री माझ्यावर भडकला. "तुझ्या तत्त्वापायी मी खुर्चीत लटकून राहिलो," म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. तरी मी गाडी घेतली नाही. असा दुसराही पावसाळा अर्धा गेला.

भाऊ दर सोमवारी जनता दरबार भरवतो. मंडप, खुर्च्या, समोर टेबल, शेजारी लिहून घेणारा सहायक. एका सोमवारी मी जाऊन रांगेत उभी राहिले. लोक म्हणाले, ताई, तुम्ही पुढं व्हा. मी नाही झाले. माझा नंबर आला तेव्हा भाऊ हसला. "तू काहून रांगेत?"

"तक्रार आहे, साहेब," मी म्हणाले.

साहेब म्हटल्यावर त्याचं हसू गेलं.

"एका प्लॉटिंगवाल्यानं आमाला डांबरी रोड दाखवून प्लॉट इकले. रोड केला न्हाई. पेशंट खुर्चीत उचलून न्यावा लागतो. तुमी आमदार हाव, त्याला बोलवून ईचारा."

सहायकानं पेन उचललं आणि बिचाऱ्यानं सवयीनं विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

"लिहा, माझ्या भावाविरुद्ध."

माझा आवाज शाळेत असायचा तसा खणखणीत निघाला. भाऊ माझ्याकडे न बघता सहायकाला एवढंच म्हणाला, "लिहून घ्या."

पाऊस उघडल्यावर मुरमाचे ट्रक आले. मग खडी आली, डांबर आलं. माझ्या दारापुरता नाही, आतला प्रत्येक रस्ता झाला. स्वतःच्या बंगल्यासाठी राखलेला कोपऱ्यावरचा प्लॉट त्यानं विकला, असं कळलं. एखाद्या नळकांडी पुलालाही नारळ फोडणारा माझा भाऊ इथं उद्घाटनाला आला नाही. शेजाऱ्यांनी बोलावलं तर म्हणाला, हे काम नव्हतं, देणं होतं. त्याच्या नावाची पाटीही लागली नाही.

ऑटो दारात आला त्या सकाळी नवरा भिंतीला धरून स्वतः पायऱ्या उतरला आणि ऑटोत बसला. मी आत जाऊन रडले. आनंद होताच, पण भावानं त्या सोमवारनंतर माझा एकही फोन उचलला नव्हता.

भाऊबीजेला त्यानं ड्रायव्हरच्या हाती साडी पाठवली. मी ती परत धाडली. म्हटलं, ज्यानं घेतली त्यानं आणून द्यावी.

दिवेलागणीला तो एकटाच आला. साडी खुर्चीवर ठेवली आणि उभाच राहिला.

"घरात सांगितलं असतं तरी केला असता, ताई. चार लोकांत काहून?"

"दोन पावसाळे घरातच सांगत व्हते."

त्यानं खुर्चीवरची साडी उचलून माझ्या हातात दिली. मला तरी दुसरा भाऊ कुठे होता. मी पाट मांडला आणि ओवाळायचं ताट आणायला आत गेले.