पुढची खोली

१२ मेची गोष्ट. गच्चीवर कोठी धूत होते. वर्षाची ज्वारी भरायच्या आधी पत्र्याची कोठी घासायची, उन्हात तापवायची, तळाशी कडुलिंबाचा पाला पसरायचा, ही दरसालची सवय. कोठी धुऊन झाली आणि गावाहून भावजींचा फोन आला, यंदा ज्वारी नाही.

गाव सोडलं त्या दिवशीही ज्वारीच होती. फुलंब्रीकडच्या आमच्या गावातून टेम्पो निघाला तेव्हा मागं ट्रंक, शेगडी आणि ज्वारीची पोती होती. यांना चिकलठाण्याच्या कंपनीत काम लागलेलं, स्वरा माझ्या कडेवर. सासूबाई रडल्याबिडल्या नाहीत. पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दाणे दरसाल इथून नेत जा. शहरात दाण्यावर पैसा घालू नको, पोरीच्या शिक्षणाला ठेव. आन् गावचं माणूस आलं तर त्याला दारातून परत लावू नको."

त्या गेल्या, तरी हे असंच चालू राहिलं. चिकलठाण्यात लहानसं घर बांधलं आणि त्यातली पुढची खोली गावाची झाली. कुणाला कोर्टाची तारीख, कुणाच्या पोराला भरतीचा पेपर, कुणाला लग्नाचा बस्ता. कळवून कुणी येत नसे. पिशवी टेकवायची आणि हाक मारायची, "वहिनी, चहा टाका." गावाहून आलेली ज्वारी भाकरी होऊन गावाच्याच पोटात जायची. मी कुरकुरत असे, पण उरलेल्यात आमचं वर्ष निघे आणि पगारातून शाळेची फी जाई.

ही शाळा म्हणजे वेगळंच प्रकरण. फी कळते, पण फीच्या मागून जे येतं ते कळत नाही. पुस्तकं त्यांच्याच काउंटरवरून, शनिवारचे बूट वेगळे, बस वेगळी. तिसरीच्या गॅदरिंगमध्ये स्वरा तीन मिनिटं गाजर झाली होती. त्या गाजराच्या कपड्यांचं भाडं मी अजून विसरले नाही. पालकसभेत मला 'मॅम' म्हणतात आणि लगेच पुढची पावती हातात देतात.

आता स्वरा दहावीत जाते आहे. शाळा उघडायच्या आत पहिला हप्ता भरला नाही, तर वर्गात बसू देणार नाहीत, असा मेसेज आला आहे.

आणि भावजी म्हणतात, "यंदा ज्वारी पेरलीच नाय वहिनी. सगळं रान अद्रकीसाठी मोकळं ठेवलंय. ज्वारीत काय उरतं? आमच्या ओमच्या शाळंची पिवळी बस आता वस्तीवर येती. फी तर भरावीच लागंल ना?"

पेरणीच्या वेळीच हे सांगता आलं असतं. मी तसं म्हणायच्या आत जावेनं, सुनंदानं, फोन घेतला. "ताई, तुमीच तर म्हणायच्या, माझी स्वरा कशी फाडफाड इंग्रजी बोलती. मंग आमच्या लेकरानं काय पाप केलं?"

तिचं खोटं नव्हतं. पण माझ्या कोठीतली ज्वारी त्या पिवळ्या बसनं खाल्ली, याचा संताप यायचा तो आलाच.

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "पोरीला जवळच्या शाळेत घालू. मी नाही का शिकलो?"

"शिकलात. म्हणून तर या वयात रात्रपाळी करताय."

मग मी सांगितलं, पुढची खोली भाड्यानं देऊ. कंपनीतल्या मुली जागा शोधतच असतात.

यांचा घास हातातच राहिला. "आन् गावाकडचं कुणी आलं तर? आई काय म्हणली असती?"

"आईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दाण्याची गावानं सोडली. माणसांची मी सोडते. पोरीच्या शिक्षणाची राहिलीय, ती सुटू देणार नाही."

बोलले खरं, पण बरं वाटलं नाही. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना हे कळेल. पोती येत होती तोवर मी कामापुरती शहरात आले आहे, असं मला वाटायचं. गावात मी शहरवाली आणि इथं शेजारणी अजून विचारतात, "तुमचं गाव कोणतं?" न विचारता जिथं पिशवी टेकवता येते ते घर, एवढीच माझी व्याख्या. आमच्यासाठी ते गावाकडं होतं, गावासाठी आमच्या पुढच्या खोलीत. आता दोन्हीकडं आधी विचारावं लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी' अशी पाटी स्वराकडून लिहून घेतली आणि फाटकाला बांधायला गेले. तार अर्धी गुंडाळली तोच फोन वाजला. यांचे मामा.

"सूनबाई, डोळ्याचं आपरेशन ठरलंय. सोमवारी येतो."

"या मामा. पण पुढची खोली भाड्यानं देतेय. स्वयंपाकघरात झोपावं लागंल."

"मला डोळा दाखवायचाय, खोली कुठं बघायचीय!"

"आणि येताना पायलीभर ज्वारी आणा."

असं मी जन्मात कुणा पाहुण्याला सांगितलं नव्हतं.

"ज्वारी कुठली आता पोरी? अद्रक आणू का?"

"आणा," म्हटलं. फोन ठेवला आणि तारेला आणखी एक पीळ दिला.