शोकनायक शिकवणारे सर

"पडायला आधी उंची लागते," असं म्हणून सर खडू डोक्याच्या वर धरायचे आणि सोडून द्यायचे. त्याचे तुकडे झाले की जमिनीवर पडलेल्या डस्टरकडे बोट दाखवायचे. "हा आधीच खाली आहे. हा कुठून पडणार?" कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात ते वर्षानुवर्षं शोकनायक असाच शिकवत. तुकडे अर्थात झाडूवाल्या मावशी उचलायच्या.

जुन्या नाटकातला राजा त्यांचा लाडका. थोर मन, स्वभावात एकच खोट, त्या खोटीपायी सर्वनाश. आणि चूक उमगल्यावर ती चारचौघांत कबूल करण्याची छाती. नव्या नाटकातल्या कारकुनांना, कामगारांना ते शोकनायक मानत नसत. "ते नुसते दुर्दैवी," म्हणायचे.

माझी स्कूटर चोरीला गेली तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडवेली होऊन बसले होते. सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अहो, ही शोकात्मिका नव्हे, तक्रार आहे. चौकीत जा."

तुम्हीही असे सर पाहिले असतील. पाठीमागे प्राचार्यांना 'मठ्ठ' म्हणायचे आणि त्यांची गाडी दिसली की दार उघडायला सर्वांत आधी पोचायचे. राजांचा हा अभ्यासक अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जातही तीनदा 'कृपया' लिहायचा.

एम.ए.च्या वर्गात चंद्रपूरकडच्या, चाळिशीतल्या एक विद्यार्थिनी होत्या. 'आधुनिक शोकनायक' या निबंधात त्यांनी आपल्या नवऱ्याबद्दल लिहिलं. तो कारखान्यात यंत्रांची तपासणी करायचा. एक यंत्र धोक्याचं होतं, तरी 'ठीक आहे' म्हणून सही करायला त्याला सांगितलं. त्यानं नाही केली. नोकरी गेली.

पुढचा तास माझा, म्हणून मी दारात उभी होते. सरांनी तो निबंध मोठ्यानं वाचला. "या बाईंचे महाराज सध्या कोथरूडच्या एका सोसायटीच्या गेटवर बसतात," ते म्हणाले. वर्ग हसला. वीसपैकी तीन गुण.

बाई उभ्या राहिल्या. "सर, सही नाही केली तर नोकरी जाते, हे त्यांना माहीत होतं नं. विचार करायला दोन दिवस दिले होते. दोन दिवस विचार करून ते नाही म्हणाले. मग हे दुर्दैव कसं? हे तर त्यांनी स्वतः निवडलं नं?"

सरांनी निबंधाची घडी घातली. मग म्हणाले, "बसा."

स्टाफरूममध्ये चहा ओतताना त्यांनी मला हळूच विचारलं, "बाईंचं बरोबर होतं, नाही? माणूस निवड करतो तिथेच त्याला उंची येते. मग तो कारकून का असेना."

"मग वर्गात सांगा तसं. गुण वाढवा."

"अहो, सगळ्यांसमोर बोलून बसलोय. आता शब्द कसा फिरवायचा?" म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत गेले. मीही तेवढंच केलं.

निवृत्तीच्या समारंभात शाल पांघरून सर चाळीस मिनिटं बोलले. विषय, राजानं दिलेली स्वतःच्या चुकीची कबुली. काहींनी डोळे पुसले. मी बटाटेवडा खाल्ला.

पुढे एकदा कोथरूडच्या मंडईत भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "त्या चंद्रपूरच्या बाईंचा नंबर असेल का हो?" बराच वेळ कोथिंबिरीच्या जुडीशी चाळा करत होते. मी नंबर पाठवला. मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

या वर्षी सर गेले. कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला मात्र उगीचच वाटलं, निदान त्यांनी फोन तरी केला असेल. न राहवून मी बाईंना फोन करून विचारलं, "सरांचा कधी फोन आला होता का?"

"सरांचा? नाही नं मॅडम." मग त्यांना आठवलं. "मागं एका नंबरवरून तीन-चारदा आला होता. मी हॅलो म्हटलं की पलीकडं कुणीतरी घसा खाकरायचं. बोलायचं काही नाही, कापून टाकायचं. मी म्हणत होते, बोला, कोण आहे? कोण होतं, तुम्हाला माहीत आहे का?"

"राँग नंबर असेल," मी म्हणाले.