डिटेक्टरला लावलेलं कुंकू

कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे पंप, पाने-पकडी, मीटर, सगळ्यांची पूजा केली. गॅस गळाला की ओरडणारा डिटेक्टर भिंतीवर होता. आमचे ऑपरेटर मामा, मूळचे कवठे येमाईचे, दौंडला खोली करून राहणारे, म्हणाले, "आरं, ते बी राखण करतंय की. त्याला कशापायी सोडतो?"

डिटेक्टरच्या ज्या जाळीतून गॅस आत शिरतो तिला काही लागू द्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. ती साफ ठेवणं हेच तर माझं काम. तरी मी हसत हसत ओल्या हळदीकुंकवाचा अंगठा जाळीवर दाबला. एवढा शहाणा मी.

दसऱ्याची सुट्टी संपून प्लांट सुरू झाला आणि सकाळीच एका पंपाचं सील गळालं. जाळी सुकलेल्या कुंकवानं बुजली होती. डिटेक्टर गप्प राहिला. मामा पंपाजवळ कोसळलेले सापडले. जीव वाचला, पण आता चार पायऱ्या चढल्या की त्यांना दम लागतो.

दवाखान्यात मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"म्याच लाव म्हनलो ना? मंग झालं. कुनाला बोलू नगं. नोकरी जाईल तुझी."

मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते. डिटेक्टर काढून तपासायचं काम माझ्याकडेच आलं. मी जाळी पुसली आणि शेजारच्या कारखान्यांनाही पाठवतात त्या अपघाताच्या रिपोर्टात 'सेन्सर खराब' असं लिहिलं.

यंदा शिफ्टमधले लोक पुन्हा पूजेचं ताट घेऊन निघाले. डिटेक्टरला काही लावू नका, मी म्हणालो. एकानं विचारलं, का? खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. साहेबांचा नियम आहे, असं काहीतरी पुटपुटलो. ते हसले आणि लावून मोकळे झाले. सगळे जेवायला गेल्यावर मी शिडी लावून प्लांटभरच्या डिटेक्टरांची एकेक जाळी साफ केली.

आमच्या प्लांटपुरतं ते ठीक. पण त्या दिवशी शेजारच्या कारखान्यांतही पूजा झाली होती. त्यांना सावध करू शकला असता असा एकच कागद होता, आणि तो मी खोटा लिहिला होता.