शनिवारची कबुली

सांडोरच्या सेलिनशी घासाघीस करायची हिंमत वसईच्या बाजारात फार थोड्या गिऱ्हाइकांची होती. राजेळी केळी कोणी दाबून बघितली, की ती म्हणायची, "आधी विकत घे, मग घरी नेऊन हवी तेवढी दाब." गिऱ्हाईक हसत हसत फणी घेऊन जायचं.

हीच सेलिन अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गप्प झाली. टोपली भरायची राहायची, ताटातला भात तसाच राहायचा. गावाने लगेच निदान केलं. आमच्याकडे त्याला डॉक्टर लागत नाही. कोणी नजर म्हणालं, कोणी वय. नवरा जेम्स माणूस वाईट नव्हता, पण तो म्हणाला, "अंगात आळस भरलाय." आणि चीड येते ती याची, की तिलाही ते पटलं. धडधाकट बाई, पोरं मार्गाला लागलेली, तरी आपण बसून राहतो म्हणजे हे पापच, असं तिने ठरवून टाकलं.

मग दर शनिवारी ती चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला जाऊ लागली. "फादर, आळस केला. मिस्साच्या प्रार्थनेत मन लागलं नाही. घरच्यांना ओझं झाले." फादर प्रार्थना सांगायचे, ती मनापासून करायची. रविवारी उठताना शरम पुन्हा उशाशी हजर. आपली प्रार्थनाही खोटीच, म्हणून आणखी एक पाप.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी फादरांनी तिला मध्येच थांबवलं. "आळशी माणसाला झोप छान लागते, सेलिन. तुला लागते?"

"नाही, फादर. रात्रभर जागीच असते."

"मग हे पाप नाही, आजार आहे. याला माझी क्षमा नको, मनाचा डॉक्टर हवा. कबुलीतलं मला बाहेर बोलता येत नाही. जेम्सला तुलाच सांगावं लागेल."

तिने भीत भीत सांगितलं. "वेड्यांच्या डॉक्टरकडे?" जेम्स ओरडला. पण फादरांचं नाव ऐकून निमूट सोबत गेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, झोप कशी आहे, भूक लागते का, पूर्वी आवडायचं त्यात आता मन लागतं का. "असं पंधरा दिवस टिकलं तरी यायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही महिने काढलेत. आपण नसलेलं बरं, असं वाटतं कधी?"

सेलिनने पदर तोंडाला लावला. हे तिने फादरांनाही सांगितलं नव्हतं. एवढं मोठं पाप जिभेवर येतच नव्हतं.

"वाटतं," ती म्हणाली. "रोज सकाळी. विहिरीपाशी."

जेम्सचा चेहरा पांढराफटक पडला. वाडीचा पंप विहिरीवर होता, आणि तो चालू करायला रोज सकाळी तोच तिला ओरडून पाठवत होता.

"यांना एकटं सोडू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. पण बऱ्या होतील."

दुसऱ्या दिवसापासून पंपावर जेम्स जाऊ लागला. सेलिनची बहीण लुसी सोबतीला येऊन राहिली. नाताळच्या आधी एका शनिवारी कबुलीच्या रांगेत जेम्स एकटाच उभा दिसला.

"सेलिन कुठाय?" शेजाऱ्याने विचारलं.

"घरी. लुसी आहे जवळ," जेम्स म्हणाला. "झोप लागलीय तिला." आणि रांगेतच त्याला रडू फुटलं.