शालीतला हात

फिलूची बातमी आली तेव्हा मी सीफच्या मॉलमध्ये तिच्याच नातीसाठी फ्रॉक बघत होते. तिनेच पिटाळलं होतं मला, माप तू बघ, माझा अंदाज कायम चुकतो म्हणून. पुढच्या महिन्यात ती बहरीन सोडून वसईला जाणार होती, कायमची. आणि फोनवर तिच्या हॉस्पिटलातली सहकारी सिस्टर सांगत होती की ड्युटी संपवून फिलोमिना खुर्चीत बसली ती उठलीच नाही... खलास! हातातला फ्रॉक कुठे ठेवला, आठवत नाही.

इथल्या नईम भागात आमची दारं समोरासमोर. नवरा अचानक गेला तेव्हा फिलूची जेनेट तान्ही होती. फॅमिली व्हिसा मिळेना, म्हणून पोरीला आजीकडे ठेवून ही एकटीच इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली. दर वर्षी सुट्टीला फ्रॉक घेऊन जायची आणि दर वर्षी ते आखूड व्हायचे. वर्षभर मनात पोर तेवढीच राहायची ना! जेनेट आजीला आई म्हणायची आणि हिला ‘बहरीनची मम्मी’. फिलू हे हसत हसत सांगायची. मला मेलीचा राग यायचा, हसते काय म्हणून.

पलीकडच्या अदलिया भागातलं एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना सामान विकत होतं. तिथून तिने एक चित्र उचलून आणलं, जुन्या इंग्रजी चित्राची छापील प्रत. देश सोडून निघालेलं जोडपं बोटीत बसलंय. बोचरा वारा, कठड्याला टांगलेले कोबीचे गड्डे, मागे किनारा दूर चाललाय आणि दोघंही तिकडे बघत नाहीत. असलं रडकं चित्र घरात कशाला, मी म्हटलं. तर तिने काचेवर बोट टेकवलं. बाईच्या शालीतून तान्ह्या बाळाचा इवलासा हात बाहेर आला होता, आईच्या हातात.

“बघ, यांनी नेलं,” ती म्हणाली.

तेवढंच. पुढे काचेवर त्या जागी बोटाचा डाग कायमचाच झाला.

जेनेटही नर्सच झाली. यंदा तिला आयर्लंडची नोकरी लागली आणि तिने बाळाला वसईतच ठेवायचं ठरवलं. फिलू फोनवर तिच्याशी कडाडून भांडली, पोरीला घेऊन जा नाहीतर जाऊच नकोस म्हणाली. जेनेटने शांतपणे विचारलं, “तू नाही का मला ठेवलंस?” फिलूने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नातीला मी सांभाळते म्हणाली. आता तरी मापं चुकणार नाहीत, असं म्हणताना किती खूश होती बाई...

शेवटी शवपेटीतूनच गेली वसईला. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली आणि जेनेट आयर्लंडला गेली, बाळाला सासूकडे ठेवून. चित्राचं विचारलं तर म्हणाली, आंटी, तुमच्याकडेच राहू दे. आमच्या हॉलमध्ये लावलंय. काच पुसते, तो डाग सोडून.

परवा जेनेटचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर जरा घुटमळली.

“आंटी, व्हिडिओ कॉलवर बाळाचं माप कळत नाही. ख्रिसमसला फ्रॉक न्यायचाय. केवढा घेऊ?”

मी चित्रासमोरच उभी होते. त्या डागाकडे बघत राहिले.

“एक माप मोठा घे, पोरी,” मी म्हटलं.