तात्यांनी नेलेला एकच सांगावा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. "ताई, तात्या गेले..." तो म्हणाला. "तू नीघ. आपल्या लोकांना मी कळवतो. गावात मात्र कुणाच्याही घरी सांगायला जायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलंय." मला नवल वाटलं नाही. राग आला. तात्यांचा नाही, गावाचा. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर मन शांत झालं की मग लिहावं, असं सगळे सांगतात. मी वाट पाहिली. शांत होणं काही जमलं नाही, तेव्हा आहे तशीच लिहायला बसले आहे.

तात्या, म्हणजे सीताराम, माझे चुलते. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आणि मला वाढवलं ते तात्या-काकींनीच. मिलिंद त्यांचा मुलगा, पण घरात आम्हा दोघांत डावं-उजवं कधी झालं नाही. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, बेल्ह्याकडच्या अंगाला. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि त्यांनी ओळखावं अशी माझी इच्छाच आहे.

माझे आजोबा गावचा सांगावा न्यायचे. मळेकऱ्यांच्या, पाटलांच्या घरात कुणी मेलं की त्यांच्या सोयऱ्यांच्या गावी पायी जाऊन ती बातमी सांगायची, हे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराच्या माथी मारलेलं काम. तिथे पोचल्यावर अंगणात, दारापासून लांब उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं. मग घरातलं कुणीतरी भाकरी आणायचं आणि ती वरून उपरण्यात टाकायचं. वरून अशासाठी, की हाताला हात लागू नये. ती घेऊन माघारी फिरायचं. पुढे छप्पन्न साल आलं, दीक्षा झाली, आणि त्यामागोमाग आमच्या वस्तीनेही धम्म घेतला. घरातले देव ओढ्यात गेले. त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाटलांकडची एक वृद्ध बाई वारली आणि आजोबांना बोलावणं आलं. राजुरीला सांगावा न्यायचा होता. दीक्षा घेतलेले माझे आजोबा मुकाट्याने पागोटं बांधायला लागले. सवय हो, दुसरं काय! तात्या तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. ते उंबऱ्यात आडवे बसले आणि म्हणाले, "दादा, जायचं आसंल तर मला वलांडून जा." आजोबा उभेच राहिले. मग पागोटं सोडून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. पाटलांच्या म्हातारीचा सांगावा त्या दिवशी पाटलांच्याच पोराला सायकलवरून न्यावा लागला.

गावाने त्याची वसुली केली. वस्तीतल्या कुणाला कामावर घेईनात, आणि ओढ्यातले झरे आटल्यावर पाण्यावाचून हाल सुरू झाले. त्या दिवसांत ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या किसनभाऊंनी आम्हाला पाणी दिलं. ते तात्यांच्याच वयाचे, दोघं शाळेत बरोबर. घरचे उठायच्या आधी ते आपल्या विहिरीवर यायचे आणि बायकांच्या हंड्यांत पाणी ओतायचे. तात्या ही आठवण सांगताना नेहमी म्हणत, "वरूनच वतायचा. पन वतायचा." एवढ्यात त्यांचा सगळा हिशेब येऊन जायचा. त्या दोघांची मैत्री त्यानंतर जन्मभर टिकली. गावात एकमेकांना अरेतुरे करणारी अशी दुसरी जोडी नव्हती. आमच्या वस्तीतल्या माणसाने मळेकऱ्याला 'ए किसन' म्हणून हाक मारायची, हे ऐकून जुनी माणसं कपाळाला आठ्या घालायची. तात्या मुद्दाम चार घरं ऐकतील अशी हाक मारायचे.

पुढे तात्या पाटबंधारे खात्यात लागले. पाटाला पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस आला, कांदा आला, द्राक्षं आली, आणि पाण्याची पाळी कुणाची कधी हे सांगायला तात्या बांधाबांधाने फिरू लागले. ज्यांच्या विहिरीला आमचा हात लागत नव्हता ते पाटाच्या कडेला तात्यांची वाट बघत बसायचे आणि "या साहेब" म्हणायचे. तात्यांनी कधी कुणाची पाळी चुकवली नाही. साहेब म्हणवून घेणं मात्र त्यांना मनापासून आवडायचं, हे मी लपवणार नाही. का आवडू नये? निवृत्त झाल्यावरही ते पांढरा शर्ट, काळे बूट आणि उघडलेली छत्री अशा थाटात पाटलांच्या आळीतून चालत जायचे. पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं, ती हीच आळी. म्हातारपणी गुडघे दुखायला लागले तेव्हा मिलिंदने काठी आणली, ती त्यांनी कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हणाले, "आमच्या दादाच्या हातात काठी व्हती. ती बघूनच लोक वळखायचे, सांगावा आला म्हनून."

नव्वदनंतर आमच्या घरी टेलिफोन आला. वस्तीतला तो पहिलाच. मळ्यांमध्ये अजून तारा पोचल्या नव्हत्या, त्यामुळे ओढ्यापलीकडची माणसंही आमच्याकडे फोन करायला येऊ लागली. आणि मग एक दिवस जे व्हायचं तेच झालं. कुणाच्या तरी सोयऱ्याने फोन करून तात्यांना सांगितलं, "आमचे वडील वारले, तेवढा निरोप मळ्यात पोचवा." तात्या म्हणाले, "बारसं आसंल, लगीन आसंल, आत्ता जातो. मौतीचा निरोप मी नेत न्हाई. तुमचं मानूस पाठवा." पलीकडचा वैतागला. "आवो, नुसतं सांगायचंय राव!" तात्यांनी थंडपणे उत्तर दिलं, "नुसतं सांगन्यातच माज्या बापाचा जलम गेला." आणि फोन ठेवला. हा त्यांचा नियम झाला. कुणी मयतीचं कळवायला आलं तर ते नंबर लावून देत, रिसीव्हर त्याच्या हातात देत आणि स्वतः बाहेर जाऊन बसत. गावात बोलणं सुरू झालं, की म्हाताऱ्याला लई ताठा आलाय. आनंदाच्या बातम्या मात्र तेच नेत. कुणाची पोरगी पास झाली, कुणाला मुलगा झाला, की लगेच बूट घालून निघत आणि गूळ खाऊन परत येत.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला. मी मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले होते. दुपारी फोन वाजला. तात्या ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून भिंतीला टेकले. किसनभाऊंचा थोरला मुलगा टोमॅटोचा टेंपो घेऊन निघाला होता, आळेफाट्याच्या पुढे अपघातात जागीच गेला. काकी म्हणाली, "तुमी बसा. मी जाते." तात्या म्हणाले, "किसनला मीच सांगनार." काकीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा म्हणाले, "हा सांगावा न्हाई. माज्या मैतराचं पोरगं गेलंय." मीही त्यांच्याबरोबर निघाले. भर उन्हात ओढा ओलांडून आम्ही मळ्यात गेलो. किसनभाऊ कांद्याच्या चाळीत माल निवडत होते. तात्यांनी आधी त्यांच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, त्यांना खाली बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि मग सांगितलं. त्यानंतरचं काय लिहू... किसनभाऊ तात्यांच्या शर्टाला धरून ओरडत होते. तात्यांनीच माणसं गोळा केली, जीप बोलावली, दवाखान्यात कुणी जायचं ते ठरवलं. घरचा माणूस करतो ते सगळं केलं.

जीप यायची होती. आम्ही निघालो तेव्हा किसनभाऊंची आई घरातून बाहेर आली. ती पार थकलेली होती, नातवाचं ऐकून तिला भान राहिलं नसावं. तिच्या हातात अर्धी भाकरी होती, तिच्यावर चटणी. ती अंगणात आली, तात्यांपासून हातभर लांब थांबली आणि म्हणाली, "घे बाबा. लांबनं आलास." आणि हात उंच धरून थांबली, तात्यांनी खाली काहीतरी पसरण्याची वाट बघत.

अंगणात माणसं होती. किसनभाऊ ओट्यावर बसून आमच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता ते उठतील, आईचा हात धरतील, "अगं, हा सीताराम हाय" एवढं तरी म्हणतील. ते काही बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. तात्यांनी त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं. मग शर्टाचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून पसरला. भाकरी त्यात पडली.

आम्ही घरी आलो. काकीने भाकरी बघितली आणि तिला सगळं कळलं. तात्या म्हणाले, "गाईला घाल." काकी म्हणाली, "आपली गाय बी खानार न्हाई ती." आणि ओढ्यात टाकून आली. मी खूप चिडले, वाटेल ते बोलले. तात्या म्हणाले, "नातू गेलेल्या म्हातारीला मी काय शिकवू? ती घेतली त्याचं काय न्हाई गं. किसननं बघितलं..." पुढचं वाक्य त्यांनी कधीच पूर्ण केलं नाही.

त्यानंतरची वर्षं तात्यांनी वाट बघण्यात घालवली. कबूल त्यांनी कधी केलं नसतं, पण मी बघत होते. किसनभाऊ फोनला यायचे, चहा घ्यायचे, कांद्याच्या भावावर बोलायचे, जायचे. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी एकदा म्हटलं, तुम्हीच विषय काढा की. तात्या म्हणाले, "मागनं सोडलंय आपन. मागून घ्यायची गोष्ट न्हाई ती." पुढे मोबाइल आले, मळ्यातल्या पोरांच्या खिशात फोन वाजू लागले, आणि किसनभाऊंना आमच्याकडे यायला कारण उरलं नाही. गावाने एकदा ज्येष्ठांचा सत्कार केला. तात्यांना शाल-नारळ दिला, आणि एका तरुण पुढाऱ्याने माइकवरून सांगितलं की आपल्या गावात भेदभाव कधी नव्हताच. स्टेजवर किसनभाऊ शेजारच्याच खुर्चीत होते, टाळ्या वाजवत होते. तात्या ताठ बसून राहिले. घरी आल्यावर काकीला म्हणाले, "शाल जाड हाय. पायपुसनं चांगलं व्हईल." आणि हसले. मला हसू आलं नाही, आजही येत नाही. छप्पन्न सालापासून या माणसाने स्वतःला एकेक वीट रचून उभं केलं होतं, आणि ते बघायला गावाकडे डोळेच नव्हते. एकाकडे होते, तो बघूनही गप्प बसला.

तात्या गेल्यावर गावात कुणाला कळवलं नाही. स्मशानात आमची वस्ती आणि नातेवाईक, एवढेच होतो. काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं जेवून गेली. त्याच दिवशी दुपार कलल्यावर किसनभाऊ आले. पार वाकलेले, नातवाच्या मोटारसायकलवरून उतरलेले. अंगणातच थांबून म्हणाले, "वहिनी, मला कुनी सांगितलं बी न्हाई. सीताराम माज्या पोराचं सांगाया सोता आला व्हता."

काकी दारात आली. म्हणाली, "आलं व्हतं. अन् तुमच्या दारातनं काय घेऊन आलं, ते बी तुमाला ठावं हाय."

किसनभाऊ मग म्हणाले, "म्हातारी भरमिष्ट झाली व्हती, वहिनी."

"म्हातारी झाली व्हती. तुमी नव्हता."

ते रडायला लागले. खोटं नव्हतं ते रडणं, एवढं मी म्हणेन. काकीने त्यांना आत बोलावलं, तात्यांच्या फोटोसमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी फूल वाहिलं, हात जोडले. काकीने ताट वाढून आणलं, भात, आमटी, वांग्याची भाजी, बुंदी, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं. किसनभाऊंनी ताटाकडे पाहिलं. डोळे पुसले. म्हणाले, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. आज चतुर्थी हाय. ओझरला जायचंय दर्शनाला."

काकी म्हणाली, "बरं." ते उठले, पुन्हा एकदा फोटोला हात जोडले आणि गेले. मोटारसायकलचा आवाज ओढ्यापलीकडे गेल्यावर काकी म्हणाली, "चतुर्थी परवा झाली." मी ताट उचलायला वाकले, तर तिने माझा हात बाजूला केला. तात्या गेल्यापासून तिने अन्नाला नीट हात लावला नव्हता, चहावरच होती. ती त्या खुर्चीत बसली, ताट मांडीवर घेतलं, आणि दार सताड उघडं ठेवून शेवटच्या शितापर्यंत जेवली.