एलियाहूचे आडनाव

उत्तर देणे हेही एक दान आहे, आणि दानाप्रमाणेच त्यालाही पात्रापात्रतेचा विवेक हवा, असे एखादा शास्त्रकार म्हणेल. पूर्वी शिष्य हाती समिधा घेऊन गुरूच्या दारी जाई, काही काळ त्याच्या गाई राखी, आणि मगच प्रश्न विचारी. प्रश्नामागे तपश्चर्या असे, म्हणून उत्तरामागेही असे. विमानतळावर प्रश्न विचारणारे समिधा आणत नाहीत. त्यांना खरे तर उत्तरही नको असते. एक ‘हो’ आणि दोन ‘नाही’ योग्य क्रमाने पडले की त्यांचे समाधान होते, आणि आपणही तो मंत्र अर्थ न जाणता म्हणून, मनातल्या मनात दातओठ खात, पुढे सरकतो.

लोदच्या मिल्काबाई झिराडकर यांना हा मंत्र जन्मभर साधला नाही. जो विचारतो त्याला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचे आहे, अशी त्यांची नितांत श्रद्धा होती. आणि मागणाऱ्याच्या भांड्यात अपुरे माप घालणे त्यांच्या कुळात पाप समजत. कुळ कोकणातल्या यहुदी तेल्याचे. अलिबागेकडे झिराडला वडिलांचा घाणा होता, शनिवारी तो बंद असे आणि बैलालाही सुट्टी असे. तेल मोजून झाल्यावर वडील वर आणखी एक धार सोडत. मिल्काबाईंच्या बोलण्यातही ती वरची धार होती.

सिलमन झिराडकरांचा हात धरून त्या तरुणपणी यहुद्यांच्या देशात, विमानतळाजवळच्या लोदला आल्या. विमानांच्या कारखान्यात सिलमन रंगकाम करीत. घराच्या गच्चीवरून विमाने इतकी खालून जात की वाळत घातलेले पापड थरथरत. गल्लीने मिल्काबाईंचा स्वभाव लवकरच ओळखला. “कशी आहेस?” हे त्यांना विचारण्यापूर्वी शेजारणी चुलीवरचे उतरवून ठेवत. बसचालकाने कुठे जायचे असे विचारले, तर कुठे जायचे, कशाला जायचे आणि काल का जाता आले नाही, हे सारे त्याला कळे. एकदा एका कचेरीत कोणी त्यांना विचारले होते की तुम्ही खरोखर आमच्यातल्याच, यहुदीच, कशावरून, तुमच्या पणजीचे लग्न कोणी लावले? प्रश्न अपमान करण्यासाठी होता. मिल्काबाईंनी लग्न लावणाऱ्याचे नाव सांगितले, गाव सांगितले, त्या दिवशीचे जेवण सांगितले, आणि पुरणपोळीत गूळ कमी पडला होता हेही सांगितले. विचारणाऱ्याने लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

विमानतळावर मात्र हाच गुण महागात पडे. मागल्या खेपेस बॅग सतत नजरेसमोर होती का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “कशी असेल? रात्री डोळे मिटतात ना माणसाचे.” बॅग उघडली, उसवली, पुन्हा भरली, आणि तोवर विमान गेले.

या खेपेस तसे होऊन चालणार नव्हते. मुलगा हानोख याची लेक तेहिला बोलकी, हसरी, पण पाय टाकीना. सगळे उपचार झाले. तेव्हा मिल्काबाईंनी एलियाहू हनाबीला, म्हणजे यहुद्यांच्या एलियाहू संदेष्ट्याला, नवस बोलला. अलिबागजवळ खंडाळ्याच्या ज्या खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे, तिथे उरुसाच्या दिवशी स्वतः येऊन मलिदा करीन, असा. पोरगी चालली, चालली कसली, आता धावून पापड तुडवीत होती. उरूस तोंडावर आला होता. हे विमान चुकले तर उरूस चुकणार होता, आणि मिल्काबाईंचे वय असे होते की पुढल्या वर्षाचा वायदा करताना त्यांनाच हसू येई.

निघायच्या दिवशी हानोखने आईला समोर बसवून धडा दिला.

“हे बघ आई. बॅग कुणी भरली? ‘मी.’ कुणी काही दिलं? ‘नाही.’ बॅग नजरेआड झाली? ‘नाही.’ झालं! संपलं!”

“पण मी कुठं भरली? भरायला तर गल्ली जमली होती. मी चहा करत होते.”

“ते तुला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कशाला?”

“मग ते विचारतात कशाला?”

हानोखने कपाळाला हात लावला. या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रवाशापाशी नाही.

“आणि ही नवसाची वाट आहे, हानोख. या वाटेवर खोटं बोललं की नवस बाटतो. खडकावर कोणत्या तोंडानं मलिदा ठेवू?”

“त्याच तोंडानं. मागल्या खेपेला ज्या तोंडानं विमान घालवलंस!”

शेजारच्या शेगुलाबाई खजुराच्या पाकाची बाटली बॅगेत कोंबत म्हणाल्या, “अगो मिल्का, नुसती मान हलव. मान हलवली तर खोटं लागत नाही.”

“मानेनं बोललेलं खोटं तोंडाच्या खोट्याहून वाईट,” मिल्काबाई म्हणाल्या, आणि बॅगेचे मोडके कुलूप त्यांनी आपल्या हाताने लावले, निदान एवढे तरी खरे सांगता यावे म्हणून.

विमानतळावर दोरीच्या अलीकडे हानोखला थांबावे लागले. पुढे प्रश्न विचारायला नोगा नावाची तरुण मुलगी उभी होती. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी रेघ. तिच्यासमोर माणसे येत होती आणि मंत्र म्हणून जात होती. मिल्काबाईंच्या मागे एक स्थूल गृहस्थ होते. त्यांनी आपली तीन उत्तरे ओठांवर आधीच रांगेत लावून ठेवलेली दिसत होती.

“बॅग कुणी भरली?” नोगाने विचारले.

मिल्काबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत सुरुवात केली. “वरचा थर शेगुलाबाईनं. मधला गल्लीतल्या दीनानं. तळाला माझ्या साड्या. कोपऱ्यातलं कुणी भरलं ते मात्र सांगता यायचं नाही, तेव्हा मी चहा गाळत होते.”

नोगाची मान वर झाली. “म्हणजे तुम्ही नाही भरली?”

“कुलूप मी लावलं. पण ते मोडकं आहे.”

“कुणी काही दिलं तुम्हाला, बरोबर न्यायला?”

“कुणी नाही दिलं ते विचार पोरी, लवकर आटपेल.”

दोरीपलीकडे हानोखने डोळे मिटून घेतले. बॅग टेबलावर चढली. खजुराचा पाक निघाला, तिळाचा हलवा निघाला, मोरोक्कोहून आलेल्या शेजारणीचे खारवलेले लिंबू निघाले, पनवेलच्या कोणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यांसाठी शेकायचे मीठ निघाले. मग फडक्यात बांधलेले एक लहानसे पुडके.

“यात काय आहे?”

“ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही?”

“दुसऱ्याचं पुडकं हुंगू नये. आईनं शिकवलं नाही का तुला?”

नोगाने हातमोजे चढवले. मागची रांग दोन पावले मागे गेली. गाठ सुटली, फडके उलगडले, आणि आतून एक कवळी सर्वांकडे पाहून हसली.

“अगो बाई! दीनाच्या दिराची!” मिल्काबाईंचा चेहरा उजळला. “पनवेलहून लग्नाला आला होता, इथंच विसरला. तरीच फोनवर शिट्टी वाजते त्याची!”

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. स्थूल गृहस्थांना मात्र हसू येण्याची स्थिती राहिली नव्हती. “बाई, हात जोडतो, ‘नाही’ म्हणा आणि मोकळ्या व्हा! माझं विमान जाईल!”

“मुंबईचंच ना?” मिल्काबाई मागे वळून म्हणाल्या. “मग आपलं एकच. गेलं तर दोघांचं जाईल. मला सोबत होईल.”

नोगाने घड्याळाकडे पाहिले आणि वही पुढे ओढली. “भारतात कुणाकडे जाताय?”

“एलियाहूकडे.”

“आडनाव?”

मिल्काबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी माहेरी ऐकत आलेले पूर्ण नाव सांगितले. “हनाबी.”

नोगाने लिहून घेतले. “नातेवाईक?”

“नात्याहून जवळचा.”

“ओळख कधीपासूनची?”

“पाळण्यातली. बारशाला आमच्याकडे तोही आलेला असतो ना, तिथून.”

“शेवटचं कधी भेटलात?”

“भेटला असं नाही म्हणवत. येऊन जातो. दर शनिवारी दिवस मावळला की त्याचं नाव घेऊन गातो आम्ही. सुंता असली की त्याची खुर्ची मांडतो. बसला की नाही, ते विचारायचं नसतं.”

नोगाची लेखणी मंदावली. “विमानतळावर घ्यायला हेच येणार?”

“छे! घ्यायला बेनसियन, माझ्या भावाचा मुलगा. एलियाहू कसा येईल? तो अग्नीच्या रथातून फिरतो. तुम्ही लोक उभा करू द्याल का तो रथ दारात?”

अग्नी हा शब्द त्या इमारतीत उच्चारण्याजोगा नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या. हानोखने दोरी घट्ट धरली. नोगा मात्र वहीत लिहिलेले नाव पाहत राहिली. तिचे ओठ हलले. “हनाबी… हनाबी…” आणि मग ‘ब’चा ‘व’ होताच तिने लेखणीच खाली टाकली. “हनावी! एलियाहू हनावी! अहो, संदेष्टा एलियाहू!”

“मग मी कोण म्हणते आहे? त्याच्याच खडकावर नवस फेडायला चालले आहे,” मिल्काबाई म्हणाल्या. “तूच आडनाव विचारलंस.”

सकाळपासून त्या टेबलाशी पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसले असेल. स्थूल गृहस्थही हसले; त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, “आमच्या आजीनंही खुर्ची मांडली होती हो, माझ्या वेळी. मी त्या खुर्चीवर ओकलो होतो म्हणे.” नोगाने ते नाव खोडले, कवळी फडक्यात बांधली, आणि एकेक वस्तू आत ठेवू लागली. हात चालता चालता मंद झाले. तिने डावीउजवीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“तिथं… खरंच मिळतं का? मागितलेलं?”

मिल्काबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. त्या दिवशीच्या साऱ्या प्रश्नांत हा एकच प्रश्न समिधा घेऊन आला होता. वरून विमानाची घोषणा झाली. मिल्काबाई आयुष्यात प्रथमच थोडक्यात बोलल्या.

“माझी नात चालते.”

नोगाने मान खाली घातली. मग वहीचा कोपरा फाडून ती त्यावर भराभर काही लिहू लागली. मिल्काबाईंनी झपकन तिचे मनगट धरले.

“देऊ नकोस! अगो, देऊ नकोस काही! पुढं तुझाच कुणी भाऊबंद विचारणार, कुणी काही दिलं का म्हणून, आणि मला सांगावं लागणार. मग तुझी नोकरी तरी जाईल, नाहीतर माझा नवस तरी. कानात सांग.”

मुलगी टेबलावरून वाकली. मिल्काबाईंनी कानावरचा पदर बाजूला केला. जे सांगितले गेले ते लांब नव्हते. मिल्काबाईंनी तिच्या आईचे नाव विचारले, कारण मागणे मागताना आईच्या नावाने मागायचे असते; नोगाने तेही सांगितले आणि कागदाचा कपटा चुरगाळून आपल्याच खिशात घातला.

पुढल्या दारापाशी टक्कल पडलेला एक अधिकारी उभा होता. त्याने न पाहता विचारले, “इथं आत आल्यावर कुणी काही दिलं?”

“दिलं नाही,” मिल्काबाई म्हणाल्या. तेथे थांबता आले असते. पण माप अपुरे राहत होते, आणि वाट नवसाची होती. “सांगितलं.”

आता त्याने पाहिले. “काय सांगितलं? कुणी?”

मिल्काबाईंनी हातातली पिशवी पदराखाली ओढली. मागे स्थूल गृहस्थ देवाचे नाव पुटपुटू लागले. वरून घोषणा पुन्हा झाली, या वेळी शेवटची. त्या दारात एका बाजूला उरूस होता, दुसऱ्या बाजूला एका परक्या मुलीचे कानात सांगितलेले शब्द, आणि खोट्याला जागा कुठेच नव्हती.

“ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगेन,” त्या अखेर म्हणाल्या. “तुला नाही.”

“हे काय उत्तर झालं, आजी?”

“नाही झालं,” त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. “उत्तर नाहीच हे. पण खोटंही नाही.”

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, पदराखाली धरलेल्या पिशवीकडे पाहिले, मागच्या घामाघूम गृहस्थांकडे पाहिले. त्याच्या प्रशिक्षणात असे उत्तर बसवायला जागा नसावी. त्याने हात हलवला आणि दार मोकळे केले.

मलिदा उरुसाच्या दिवशीच झाला. गोड पोहे, ओले खोबरे, फळे यांचे ताट खडकावर ठेवून मिल्काबाईंनी नातीचा नवस फेडला. मग सर्वांना थोडे दूर जायला सांगून त्या टापेच्या खुणेपाशी एकट्या बसल्या आणि दुसऱ्या एका आईच्या नावाने काही बोलल्या. बेनसियनने विचारले, “आत्या, काय मागितलंस?” त्यांनी त्याला केळे दिले.

लोदला परतल्यावर गल्लीने विचारले, हानोखने विचारले, शेगुलाबाईंनी तर चुलीवरचे उतरवून ठेवून विचारले. मिल्काबाईंनी कवळीचे सांगितले, स्थूल गृहस्थांनी विमानात आपली मिठाई कशी पुढे केली ते सांगितले, टकल्या अधिकाऱ्याच्या सदऱ्याला एक बटण नव्हते हेही सांगितले. तेवढी एक गोष्ट त्या सांगेनात. “ते माझं नाही,” एवढेच म्हणत.

मिल्काबाई आता नाहीत. त्यांची बॅग शेगुलाबाईंकडे आहे, आणि गल्लीतून कोणी भारतात जायला निघाले की तीच नेतात. कुलूप मोडकेच आहे. नोगाने काय मागितले होते, ते कोणालाही ठाऊक नाही.